ते पंचवीस तास

मागच्या महिन्यात एक बाई नवऱ्याच्या पॉलिसीचे कागद घेऊन माझ्याकडे आल्या. पॉलिसी घेऊन दोन वर्षं चार महिने झाले आणि तो गेला. प्रपोजल फॉर्मवर मधुमेहापुढे ‘नाही’ लिहिलेलं होतं, अक्षर एजंटचं. "दोन वर्षं निघाली की कंपनी काही विचारत नाही, असं एजंट म्हणाले होते." क्लेम नाकारला गेला. विमा कायद्याच्या कलम 45 मधली दोन वर्षांची मुदत 2015 च्या दुरुस्तीने तीन वर्षांची झाली आहे. वीस वर्षं धंद्यात असलेल्या त्या एजंटला हे माहीतच नव्हतं. तो माझा जुना सोबती.

आयुर्विम्याच्या 1956 च्या राष्ट्रीयीकरणानंतर कित्येक वर्षं एजंटचं शिक्षण म्हणजे विकास अधिकाऱ्यामागे स्कूटरवर बसून फिरणं. विमा नियामकाच्या 2000 च्या नियमांनी परवान्याआधी 100 तासांचं प्रशिक्षण आणलं, आणि दर तीन वर्षांनी नूतनीकरणासाठी 25 तास. मी 2004 चा परवानाधारक. 2007, 2010, 2013, तिन्ही वेळा वर्गाला बसलो.

शिकवायला एक निवृत्त शाखाधिकारी यायचे. 2010 ला युलिपचा, म्हणजे बाजाराशी जोडलेल्या पॉलिसीचा, लॉक-इन तीन वर्षांवरून पाच वर्षांचा झाला, तेव्हा त्यांनी जुन्या-नव्या पॉलिसी शेजारी ठेवून फरक दाखवला. मग कोरे फॉर्म वाटून आम्हाला समोरासमोर बसवलं. "पेन ग्राहकाच्या हातात. तुम्ही फक्त प्रश्न मोठ्याने वाचा." उत्तर आपण सुचवलं की फॉर्म फाडून पहिल्यापासून. माझ्यासमोर हाच सोबती बसला होता. त्याचे तीन फॉर्म फाटले, चौथा बरोबर आला.

हे वर्ग आमच्याच लोकांनी मारले, याचा राग अजून जात नाही. काहींनी हजेरी विकली, काहींनी विकत घेतली. "मार्च एंडला कसला वर्ग?" म्हणणारे साहेबही पाहिले.

2015 ला नियामकाचा परवाना गेला, नेमणूक कंपनीकडे आली. नूतनीकरण संपलं, त्याबरोबर ते 25 तासही. नॉमिनीचं कलम 39 आणि हे कलम 45, दोन्ही बदलली त्याच वर्षी! आता मीटिंगला बोलावतात ते नव्या योजनेचं कमिशन आणि परदेशवारीची स्पर्धा सांगायला. हे शिक्षण नव्हे. ते 25 तास सक्तीने परत आणले पाहिजेत.

तोवर घरातली पॉलिसी काढा. प्रपोजल फॉर्मच्या प्रतीवर अक्षर कुणाचं आहे ते बघा, आजारांची उत्तरं स्वतः वाचा. एखादं चुकीचं असेल तर आजच कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या.