जॅझ वृंदातील खुर्ची

स्नेहसंमेलनाच्या वाद्यवृंदासाठी निवड झाली नाही की दोन दिवस घरात कुणाशी बोलावेसे वाटत नाही. ज्या विद्यापीठात अशी निवड पुन्हापुन्हा होते, तेथील रीत आज पाहू या.

अमेरिकेत टेक्सास राज्यातील डेंटन येथे नॉर्थ टेक्सास विद्यापीठ आहे. जॅझ संगीताचा पदवी अभ्यासक्रम सर्वप्रथम १९४७ साली येथे सुरू झाला. त्या काळी 'जॅझ' या शब्दाला प्रतिष्ठा नसल्याने त्याला 'डान्स बँड' असे नाव दिले होते! येथील वाद्यवृंदांची नावे सरावाच्या तासावरून पडली. दुपारी एक वाजता बसणारा 'वन ओ'क्लॉक' हा सर्वांत वरचा. ग्रॅमी पुरस्कारासाठी त्याला अनेकदा नामांकन मिळाले आहे.

अशा वृंदात साधारणपणे पाच सॅक्सोफोन, चार-पाच ट्रम्पेट, तितकेच ट्रॉम्बोन आणि पियानो, गिटार, बास व ड्रम असतात. ड्रमची खुर्ची बहुधा एकच, त्यामुळे तिच्यासाठी चुरस मोठी.

जॅझ वृंदाच्या चाचणीत बहुधा तीन गोष्टी पाहतात. पहिली, घरून तयार करून आणलेली रचना. तिच्यात सूर आणि लय यांबरोबर जॅझचा झोलही हवा. कागदावर सारख्या लांबीचे लिहिलेले दोन स्वर जॅझमध्ये पुष्कळदा लांब-आखूड वाजवतात. हे ऐकूनच अंगी येते.

दुसरी, कधीही न पाहिलेली स्वरलिपी समोर येताच वाजवणे. येथे एखादा स्वर चुकला तर चालते, पण थांबलेले चालत नाही. वृंद कुणासाठी थांबत नसतो. चुकूनही लय न सोडणारा वादक परीक्षकांच्या लक्षात राहतो.

तिसरी, उत्स्फूर्त वादन. 'ब्लूज'चे एक आवर्तन बहुधा बारा मापांचे, प्रत्येक मापात चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचे. आपला गायक तान घेऊन समेवर येतो, तसे येथेही आवर्तनाचे भान राखावे लागते. मात्र रागाची चौकट शेवटपर्यंत तीच राहते, तर येथे खालची स्वरसंगती बदलत जाते आणि वादकाला तिच्याबरोबर वळावे लागते.

यातील स्वरलिपी वाचण्याची विद्या गोव्याला परकी नाही. पोर्तुगीज काळात येथील चर्चशाळांतून मुलांना ती शिकवीत. त्याच बळावर अनेक गोमंतकीय वादक मुंबईच्या जॅझ वृंदांत आणि चित्रपटसंगीतात गेले. हळदोणे येथील आंतोनियो झेवियर वाझ तेथे 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रम्पेटवादक म्हणून गाजले. संगीतकार सी. रामचंद्र यांच्याबरोबरही त्यांनी काम केले.

पालकांनी ध्यानात घ्यावे असे आणखी एक आहे. नॉर्थ टेक्सासमध्ये वरच्या वृंदात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यासाठी इतर वृंद असतात. तेथे तो वाजवत राहतो आणि पुन्हा चाचणी देतो. वरच्या खुर्चीवर बसलेल्यालाही ती कायमची मिळालेली नसते. म्हणून निकाल लागला तरी वाद्य पेटीत बंद होत नाही. दुसऱ्या दिवशी सराव असतोच, फक्त तास वेगळा.

आपल्या शाळेतही यादीत नाव नसलेल्या मुलांसाठी असा एक तास ठेवता येईल का, याचा विचार विश्वस्तांनी जरूर करावा.