सगळा खेळ पाच चौरस मिलिमीटरचा

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ वर गेला की एलईडी प्रोजेक्टरमधला लाल रंग सगळ्यात आधी मान टाकतो. एलईडी तापला की उजेड घटतो; निळा त्यातल्या त्यात तग धरतो, लाल नाही. म्हणून यंत्राच्या पोटात पंखे आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या खच्चून भरलेल्या असतात.

उजेड कमी पडतोय? मग लावा आणखी चार एलईडी! पण इथेच निसर्ग आडवा येतो. चित्र उमटवते ती चिप जेमतेम ०.६५ इंचांची, तिच्यावर वीस लाखांहून अधिक चिमुकले आरसे. (ही कल्पना १९८७ची, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांची.) प्रत्येक आरसा १२ अंशच कलतो, त्यामुळे अरुंद झोतातून आलेला प्रकाशच त्याच्या कामाचा. हिशेब केला तर प्रकाश देणारा एलईडीचा पृष्ठभाग सुमारे ५ चौरस मिलिमीटरच चालतो, मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या दाण्याहूनही लहान! त्यापेक्षा मोठा घेतला की जादा उजेड वाया. भिंगाने प्रकाश लहान जागेत गोळा होतो खरा, पण तेवढाच तो फाकतो. जागा आणि फाकणं यांचा गुणाकार कमी करणारं भिंग आजवर कुणाला बनवता आलेलं नाही, येणारही नाही.

जत्रेतल्या टुरिंग टॉकीजला ही अडचण कधी आली नाही. दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये पेटणारा तो डोळे दिपवणारा ठिपका मुळातच इवलासा. फक्त कांड्या जळून झिजत, म्हणून त्या पुढे सरकवत राहायचं काम ऑपरेटरच्या मागे लागलेलं असे.

एलईडीचं खरं दुखणं हिरवा. पडद्यावरच्या पांढऱ्या उजेडात सुमारे ७० टक्के वाटा त्याचा, आणि नेमका हिरवा एलईडीच वीज खाऊन कमी उजेड देणारा. मदतीला धावतो निळा, ज्याच्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४चं नोबेल मिळालं. फिलिप्सने ‘कलरस्पार्क’ नावाने आणलेली युक्ती पाहा: सिरियम मिसळलेल्या पारदर्शक स्फटिकाची बारीक, लांब कांडी घ्यायची आणि तिच्या दोन्ही अंगांना निळ्या एलईडींची रांग लावायची. निळा प्रकाश बाजूने आत शिरतो, सिरियम तो गिळून हिरवट-पिवळा प्रकाश सोडतं. त्यातला बराचसा आतल्या आत आपटत कांडीच्या टोकाशी पोचतो आणि तिथून बाहेर पडतो. डझनावारी दिव्यांचा उजेड एका चिमुकल्या तोंडातून!

मग गुणाकाराच्या नियमाचं काय झालं? तो मोडला नाही. तो नियम आहे त्याच प्रकाशाला वळवणाऱ्या भिंगा-आरशांसाठी. इथे जुना प्रकाश संपून नवा, कमी ऊर्जेचा जन्मतो. उरलेली ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते, ती या सवलतीची किंमत.

थिएटरचे मोठे पडदे लेझरने केव्हाच जिंकले, तिथे एलईडीचा पाड लागणार नाही. पण वर्गात, छोट्या सभागृहात मी एलईडीच्याच बाजूने. लेझरच्या चित्रात कधीकधी वाळूसारखी चमचम दिसते, एलईडीच्या चित्रात ती नसते.