जुन्या कोब्यावर एपॉक्सी

एमआयडीसीतल्या जुन्या शेडमधला कोबा लांबूनच ओळखू येतो. लेथखाली तेल मुरलेलं, दारापाशी ट्रॉलीच्या चाकांनी उकरलेला, आणि कितीही झाडलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा पांढुरकी धूळ. मग मालक एपॉक्सी आणतो, सुट्टीच्या दिवशी रोलर फिरवून घेतो आणि पावसाळ्यात पोपडे गोळा करतो. शिव्या खातो तो डबा. डब्याचा दोष क्वचितच असतो.

धूळ सुटली म्हणजे सगळा कोबा गेला, तो फोडूनच काढावा लागणार, हा पहिला गैरसमज. बहुतेक वेळा बिघडलेला असतो तो फक्त वरचा पातळ थर. काँक्रीट टाकताना पाणी जास्त झालं, वर आलेल्या पाण्यावर कोरडं सिमेंट भुरभुरून थापी फिरवली, क्युरिंगचा कंटाळा केला, की असा थर तयार होतो. खालचं काँक्रीट ठणठणीत असू शकतं. डायमंड ग्राइंडरने कच्चा थर काढायचा (सिलिकाची धूळ फुप्फुसांना घातक, म्हणून ओलं ग्राइंडिंग किंवा व्हॅक्यूम आणि चांगला मास्क हवाच) आणि सोडियम किंवा लिथियम सिलिकेटचं हार्डनर मुरवायचं. काँक्रीटमधल्या मोकळ्या चुन्याशी त्याची प्रक्रिया होते आणि सिमेंटला घट्टपणा देणारा तोच पदार्थ छिद्रांत तयार होतो. वर थर बसत नाही, त्यामुळे पोपडे सुटण्याचा प्रश्नच नाही. तेलाचे डाग मात्र यामुळे पूर्ण थांबत नाहीत. तरी माझं मत विचाराल तर फॅब्रिकेशनच्या शेडला एवढंच पुरे. वेल्डिंगच्या ठिणग्या एपॉक्सीला कुठे टिकू देतात?

‘ॲसिड मारलं की जमीन तयार’ हे तर सर्रास ऐकू येतं. ॲसिड सिमेंट खातं, तेल नाही. तेलकट जागी ते नुसतं पडून राहतं. शिवाय नीट धुतलं नाही तर मागे क्लोराइड उरतं, आणि बंद शेडमध्ये ॲसिडच्या वाफेने लेथच्या बेडवर गंज धरतो. आधी डिग्रीजर आणि गरम पाण्याने घासायचं, तेही एकदा नव्हे. मग पाण्याचे चार थेंब टाकून बघायचे. पाणी मुरलं तर ठीक, मोत्यासारखं उभं राहिलं तर तेल अजून आत आहे. खोल मुरलेलं असेल तर तेवढा तुकडा फोडून नव्याने भरणंच बरं.

सगळ्यात महागात पडतो तो ‘कोबा कोरडाच आहे’ हा समज. जुन्या शेडमध्ये मुरूम, त्यावर दगडाचं सोलिंग आणि वर काँक्रीट. मध्ये प्लास्टिकचा कागद क्वचितच घातलेला असतो. जमिनीतली ओल वाफेच्या रूपाने वर येत राहते आणि उघड्या कोब्यावरून उडून जाते, म्हणून तो कोरडा दिसतो. एपॉक्सीने ती वाट बंद केली की थर फुगतो आणि सुटतो. तपासणी फुकटात होते: दीड फूट चौरस प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि किमान 16 तास ठेवा. उचलल्यावर आतून थेंब किंवा खाली काळपट डाग दिसला, तर ओल आहे. पण एप्रिलमध्ये कोरडं निघालं म्हणून ऑगस्टचा भरवसा धरू नका.

खराब कोब्यावर वरून सिमेंटचा पातळ हात देणं हाही तात्पुरता दिलासा. गुळगुळीत, तेलकट जागेला तो धरत नाही. हातोडीने ठोकलं की पोकळ वाजतो. कापून ठेवलेले जॉइंट कडक मालाने बुजवले तर शेजारीच नवी चीर पडते.

आणि एक: एपॉक्सीचं हार्डनर जास्त घातलं की लवकर वाळतं, असं पेंटरच सांगतात. एपॉक्सीत राळ आणि हार्डनरचं प्रमाण ठरलेलं असतं. जास्तीचं हार्डनर तसंच उरतं आणि थर मऊ, चिकट राहतो. घाई असली तरी डब्यावरचं प्रमाण मोडू नका. चालण्याजोगं साधारण 24 तासांत होतं, पण पूर्ण पक्कं व्हायला आठवडा लागतो. सोमवारी मशीन चढवायची असेल तर रविवारी रोलर हातात घेऊच नका.