मूकपट घरबसल्या (भाग ९) : तारामती इतक्या लगबगीनं का चालते?

या आठवड्यात रंगांविषयी लिहायचं ठरलं होतं. रात्रीच्या प्रसंगाला निळी झाक, आगीला तांबडी, आणि डिस्क काढताना या झाकांचं काय काय होतं ते. पण कुडाळजवळच्या एका गावातून आलेलं पत्र बाजूला ठेवून पुढे जाणं मला जमेना. पत्रलेखक दशावतारात स्त्रीपार्टी करतात. मोबाइलवर ‘राजा हरिश्चंद्र’ची रिळं पाहून त्यांनी विचारलं आहे, ‘आमच्या खेळात राणी आली की एक पाऊल टाकते, थांबते, मग दुसरं उचलते. ही तारामती तर चूल पेटायची राहिली असल्यासारखी चालते. फाळक्यांना एवढं कळलं नसेल?’

असा प्रश्न विचारायला त्यांच्यासारखाच माणूस हवा. १९१३ च्या तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुष नटानं केलं होतं, हे त्यांना अर्थातच ठाऊक आहे. आज पाहायला मिळणारी रिळं १९१३ ची की फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची, हा वाद आज काढत नाही. राणीच्या चालीचं उत्तर दोन्हीकडे एकच आहे. साळुंक्यांनी चाल बरोबर धरली होती, बिघडवली ती नंतरच्या यंत्रांनी.

फाळक्यांनी १९१२ मध्ये इंग्लंडहून विल्यमसन कॅमेरा आणला. तो हातानं फिरवायचा. त्या काळच्या अशा कॅमेऱ्यांत हँडलच्या एका फेऱ्याला आठ चित्रं उमटत आणि सेकंदाला दोन फेरे हा रिवाज होता, म्हणजे सेकंदाला सोळा चित्रं. ‘राजा हरिश्चंद्र’चं चित्रीकरण त्र्यंबक तेलंगांनी केलं. पुढे बोलपट आले. फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी बसली, तिला गती कमीजास्त झालेली चालेना, म्हणून सेकंदाला चोवीस चित्रं हा नियम जगभर पक्का झाला. सोळानं घेतलेली फिल्म चोवीसच्या यंत्रावर चढवली की सगळं दीडपट वेगानं पळतं. मूकपटांतली माणसं तुरुतुरु चालतात, हा समज यातूनच पसरला. गती हे काय प्रकरण आहे ते फाळक्यांना पुरेपूर माहीत होतं. रोपट्याची वाढ रोज थोडी थोडी टिपून त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधीच एक छोटी फिल्म केली होती आणि ती दाखवून भांडवलही उभं केलं होतं.

आता एक हिशेब सांगतो. तो पाठ असला की डिस्कच्या वेष्टणावरचे मिनिटांचे आकडे बोलू लागतात. ३५ मिलिमीटरच्या एक फूट फिल्मवर सोळा चित्रं मावतात. म्हणून सोळाच्या गतीनं एक फूट बरोबर एक सेकंद चालतो. ‘राजा हरिश्चंद्र’ होता ३,७०० फुटांचा, म्हणजे ३,७०० सेकंदांचा, तासाहून थोडा जास्त. चोवीसच्या गतीनं तोच ४१ मिनिटांत आटोपतो. ‘कालिया मर्दन’ (१९१९) मुळात सहा हजार फुटांचा, त्यातला ४,४४१ फूट उरला आहे. सोळानं तो ७४ मिनिटं चालायला हवा, चोवीसनं ४९. आणि त्याची लांबी बहुतेक ठिकाणी किती दिलेली असते? ४८ मिनिटं! म्हणजे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पी. के. नायर यांनी इतक्या निगुतीनं जपलेलं ते काम आपण धावतपळत पाहतो आहोत. मला याचं फार वाईट वाटतं.

मात्र सोळा हा आकडा ब्रह्मवाक्य नाही. फिरवणाऱ्याचा हात कमीजास्त चाले, थिएटरवाले खेळ लवकर संपवायला यंत्र जोरात हाकत, आणि १९२० नंतर गती चढतच गेली. केविन ब्राउनलो यांनी १९८० मध्ये या एकाच प्रश्नावर मोठा लेख लिहिला आहे. तेव्हा शेवटचा निवाडा डोळ्यांनीच करायचा. त्यासाठी नटाकडे पाहू नका, पाण्याकडे पाहा. ‘कालिया मर्दन’मध्ये फाळक्यांची लेक मंदाकिनी कृष्ण होऊन यमुनेत उतरते. उडालेलं पाणी किती वेळात खाली येतं, हे मालवण-देवगडच्या माणसाला कुणी शिकवायला नको. धूर, उडणारा पदर, पडद्यावरची अक्षरं वाचायला मिळणारा वेळ, या खुणाही खोटं बोलत नाहीत.

प्रामाणिक कंपन्या ही अडचण लपवत नाहीत. ड्रायरचा ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ (१९२८) क्रायटेरियननं २०१८ मध्ये ब्लू-रेवर काढला, तो वीस आणि चोवीस अशा दोन्ही गतींत दिला. एक ९७ मिनिटांचा, दुसरा ८१ चा. दोन्ही लावून पाहिल्यावर मी विसाच्या बाजूचा झालो, पण निवड माझ्या हाती ठेवली याचंच मला अप्रूप वाटतं. चॅप्लिनचा ‘द गोल्ड रश’ घेताना ७२ मिनिटं दिसली तर ओळखा, ती १९२५ ची नव्हे, १९४२ मध्ये त्यानं स्वतः निवेदन घालून, काटछाट करून पुन्हा काढलेली आवृत्ती आहे.

गती कमी केली असली तरी ती कशी केली, तेही पाहावं लागतं. सोळाची फिल्म चोवीसच्या डिस्कवर नीट बसवायची तर दर दुसरं चित्र दोनदा दाखवतात. अठराची असेल तर दर तिसरं, विसाची असेल तर दर पाचवं. हालचाल किंचित अडखळते, पण प्रत्येक चित्र अस्सल राहतं. स्वस्तातले लोक शेजारची दोन चित्रं एकमेकांत मिसळतात. डिस्क थांबवून एकेक चित्र पुढे सरकवा. हलत्या हाताला भुतासारखा दुसरा हात फुटलेला दिसला, तर ती डिस्क परत करा. आणि संगणकाकडून मधली चित्रं नव्यानं रचून घेतलेल्या, सेकंदाला साठ चित्रांच्या गुळगुळीत आवृत्त्या तर घेऊच नका. त्यातलं निम्म्याहून जास्त कुठल्याच कॅमेऱ्यानं पाहिलेलं नाही.

पैसे न खर्चता करायचा उपाय असा. यूट्यूबवर गती ०.७५ करा. फिल्म चोवीसनं चढवलेली असेल तर ती अठरावर येते. संगणकावरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये ०.६७ करता आली तर थेट सोळावर. आधी पाणी आणि धूर पाहून खात्री मात्र करून घ्या. कुणी आधीच गती सुधारून चढवली असेल, तर ही दुरुस्ती उलटी लागून माणसं झोपेत चालल्यासारखी दिसतील. सोबतचं संगीत रेंगाळेल, तो आवाज सरळ बंद करावा. मी अशा वेळी नुसता पखवाज लावतो. कुणाकडे दशावताराच्या पायपेटीचं चांगलं ध्वनिमुद्रण असेल तर जरूर कळवा, संगीताच्या भागाला मला ते हवंच आहे.

रंग पुढच्या आठवड्यात.