अर्धा तास त्यांची भाषा, अर्धा तास आपली
भदंत सुरेई ससाई १९६० च्या दशकात जपानहून नागपुरात आले, हिंदी शिकले आणि इथलेच झाले. आज नंदनवनात घरी बसूनही परदेशी मित्राशी भाषेची देवाणघेवाण करता येते. ‘टँडेम’ पद्धत सोपी आहे: व्हिडिओ कॉलवर अर्धा तास जपानी, अर्धा तास मराठी. दोघेही शिक्षक, दोघेही विद्यार्थी. चुका मध्येच तोडून नव्हे, शेवटी सांगायच्या.

खरी कसोटी पुढे असते. तो विचारेल, “जयभीम म्हणजे काय?” इथे पाठ केलेलं भाषण चालत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला काय घडलं, हे साध्या शब्दांत सांगावं लागतं. मग त्यालाही विचारा. जपानच्या बुराकू समाजानेही जन्मावरून भेदभाव सोसला आहे. आपलं दुःख सांगता आणि दुसऱ्याचं ऐकता येणं, हाच खरा संवाद.