व्यसनमुक्तीचा सल्ला फोनवरून

भोकरमधल्या एखाद्या कुटुंबाने घरातल्या माणसाची दारू सोडवायचे ठरवले, की पहिली अडचण येते अंतराची. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे पन्नास-साठ किलोमीटरवर, नांदेडजवळ विष्णुपुरीला. डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले 'मुक्तांगण' तर थेट पुण्यात. एका खेपेत काम होत नाही; दर खेपेला मजुरी बुडते. शिवाय वाटेत ओळखीचे कोणी भेटेल ही धास्ती. मग हे समुपदेशन फोनवरून होऊ शकेल का?

त्यासाठी समुपदेशन म्हणजे काय ते पाहू. ते उपदेशापेक्षा वेगळे असते. 'दारू वाईट' हे पिणाऱ्याला माहीत असतेच. समुपदेशक विचारतो: किती पिता? केव्हा? कोणासोबत? त्याआधी काय घडलेले असते? उत्तरे देता देता त्या माणसालाच जोखमीच्या वेळा दिसू लागतात. उदाहरणार्थ बाजारचा दिवस, हातात आलेली मजुरी. मग दोघे मिळून ठरवतात, की पुढच्या बाजारी पैसे आधी कोणाकडे द्यायचे, घरी कोणत्या वाटेने यायचे. आठवड्याने पुन्हा बोलणे होते. हे सारे काम कानांचे आणि शब्दांचे आहे, म्हणून ते फोनवरही जमते.

त्यासाठी डॉक्टरच हवा असेही नाही. गोव्यात 'संगाथ' संस्थेने सरकारी आरोग्यकेंद्रांत येणाऱ्या, हानिकारक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांवर एक चाचणी घेतली. प्रशिक्षण दिलेल्या सामान्य माणसांनी त्यांच्याशी जास्तीत जास्त चार वेळा, समोरासमोर बसून संवाद साधला. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी यांपैकी ३६ टक्के पुरुष हानिकारक पिण्यातून बाहेर आले होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. वर्षानंतरही फरक टिकून होता.

पण फोनला एक मर्यादा आहे, आणि ती जिवाशी खेळणारी आहे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीला तोंड देण्यासाठी स्वतःला सतत उत्तेजित ठेवायला शिकतो. शपथ घेऊन दारू एकदम बंद केली, की गुंगी जाते पण उत्तेजना उरते. काही तासांत हात कापू लागतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दोन-तीन दिवसांनी भ्रम आणि ताप. यात मृत्यूही ओढवू शकतो. थरथरणारा हात फोनवर दिसत नाही. म्हणून अशा माणसाचे सुरुवातीचे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच जायला हवेत. फोनचा खरा उपयोग त्याच्या आधी, मन वळवायला. आणि नंतर, घरी परतल्यावर, पुन्हा घसरू नये म्हणून.

केंद्र सरकारची 'टेलि-मानस' सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक १४४४६. दोन्ही मोफत आहेत.

शिक्षक म्हणून आपण काय करू शकतो? वर्गातले एखादे मूल गप्प झाले, तर कारण कधी कधी घरातली दारू असते. वडिलांना सुधारण्याची जबाबदारी त्या मुलावर टाकू नये. 'यात तुझा काही दोष नाही' हे त्याला आपण सांगावे आणि हे क्रमांक घरातल्या मोठ्या माणसाच्या हाती द्यावेत. पिणारा तयार नसला तरी त्याच्या घरचे फोन करू शकतात. बहुतेक वेळा सुरुवात तिथूनच होते.