लहान त्वरकातून न्यूट्रॉन

न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो, म्हणून तो पोलादातही खोलवर शिरतो. पण हायड्रोजन वाटेत आला की जोराने विखुरतो. त्यामुळे पोलादाआड दडलेले पाणी क्ष-किरणांना जेमतेम जाणवते, तर न्यूट्रॉनांना स्पष्ट दिसते. असे न्यूट्रॉन मुबलक हवे असतील तर तुर्भ्याच्या ‘ध्रुव’सारखी अणुभट्टी लागते, नाहीतर अमेरिकेतल्या ओक रिजसारखा अवाढव्य त्वरक. तिथे १ अब्जाहून अधिक इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे प्रोटॉन पाऱ्यावर आदळतात. अशी केंद्रे जगात मोजकीच आहेत आणि त्यातल्या जुन्या भट्ट्या बंद होत आहेत. बर्लिन आणि फ्रान्समधील साक्ले इथल्या भट्ट्या २०१९ मध्ये थांबल्या.

लहान त्वरकांची निकड इथूनच निर्माण झाली. जपानच्या रिकेन संस्थेने वाको इथे २०१३ मध्ये ‘रान्स’ हे यंत्र सुरू केले. त्यात ७० लाख इलेक्ट्रॉनव्होल्टचे प्रोटॉन बेरिलियमवर आदळतात, अणुकेंद्रातून वेगवान न्यूट्रॉन सुटतात आणि पॉलिथिलीनच्या ठोकळ्यात त्यांचा वेग कमी केला जातो.

खरी कसोटी बेरिलियमच्या पत्र्याची. त्यात थांबलेला प्रत्येक प्रोटॉन हायड्रोजन होऊन साचतो. पत्र्याला फोड येतात, तो तडकतो. म्हणून रिकेनने पत्रा केवळ ०.३ मिलिमीटर जाडीचा ठेवला. प्रोटॉन तो भेदून मागच्या व्हॅनेडियममध्ये थांबतात आणि त्या धातूत हायड्रोजन सहज पसरून जातो. या क्षेत्रातली ही विशेष दाद द्यावी अशी युक्ती आहे.

रंगवलेल्या पोलादाला गंज चढतो तेव्हा रंगाखाली पाणी कुठे मुरते आणि किती वेळ टिकते, हे ‘रान्स’वर पोलाद न कापता पाहता आले. पुलांच्या देखभालीसाठी याहून उपयुक्त माहिती क्वचितच मिळेल. पुढच्या ‘रान्स-२’मध्ये लिथियम वापरले आहे. लिथियममधून न्यूट्रॉन सुटायला प्रोटॉनला सुमारे १९ लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात, म्हणून तिथे २५ लाखांच्या आतबाहेर भागते. निघणारे न्यूट्रॉनही कमी ऊर्जेचे असल्याने संरक्षक भिंती हलक्या होतात आणि यंत्र पुलापर्यंत नेण्याचा विचार शक्य होतो.

न्यूट्रॉनांच्या संख्येत लहान यंत्रे मोठ्या केंद्रांच्या जवळपासही येत नाहीत. मात्र प्रोटॉन ज्यावर आदळतात त्या लक्ष्यातली उष्णता आणि प्रारण कमी असल्याने न्यूट्रॉन मंदावणारा पदार्थ लक्ष्याला अगदी खेटून ठेवता येतो आणि निघालेले न्यूट्रॉन कमी वाया जातात. जर्मनीतील युलिशची योजना याच तत्त्वावर उभी आहे. तिथे ७ कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टचे प्रोटॉन टँटलमवर सोडायचे आहेत. मात्र तेवढ्या माऱ्यात लक्ष्य वितळू नये यासाठी त्याच्या आतच पाण्याचे अतिसूक्ष्म मार्ग कोरावे लागतात.